संगणकातील आराखडा सर्वांना वाचता यावा म्हणून



मी इंजिनिअर नव्हे. 1988 साली दहावी होऊन एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो, पुढे टर्नर झालो आणि गेली वीस-बावीस वर्षे युनियनचे काम करीत आहे. ‘सॉफ्टवेअरच्या आराखड्यांवर बोलावयास हा कोण?’ असा प्रश्न आपणांपैकी कोणाच्या मनात आला तर त्यात वावगे काही नाही. व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा माझ्याही मनात तो आलाच होता. परंतु टर्नरला ड्रॉइंग वाचल्यावाचून एक दिवस चालत नाही, आणि संगणकातील आराखडा हेही शेवटी एक ड्रॉइंगच आहे. अशा एका ड्रॉइंगशी मला भांडावे लागले, आणि भांडता भांडता ते वाचावयास शिकावे लागले. ती हकीकत सांगत सांगतच विषय मांडतो.

2017 सालची गोष्ट. आमचे सभासद असलेल्या एका कारखान्यात हजेरीचे आणि पगाराचे काम नव्या सॉफ्टवेअरवर गेले. दोन पगार झाले आणि तक्रारी येऊ लागल्या. मशीन शॉपमध्ये आठ तासांची पाळी भरून पुढे चार तास फौंड्रीत ओव्हरटाइम केलेल्या माणसांचे ते चार तास पगारपत्रकात येत ना. आपल्याच खात्यात ओव्हरटाइम केलेल्यांचे पैसे मात्र बिनचूक येत. टाइमकीपर म्हणे, मी नोंद केली आहे. पडद्यावर कसलीही हरकत दिसली नाही. व्यवस्थापन म्हणे, यंत्र खोटे बोलत नाही, नोंदच झालेली नसणार. आणि टाइमकीपरला मेमो मिळाला. चौदा वर्षांची नोकरी, एकही डाग नाही, आणि आता निष्काळजीपणाचा आरोप. सुदैवाने हा गृहस्थ जुन्या वळणाचा; त्याने कागदी मस्टर बंद केले नव्हते. त्यामुळे काहीतरी यंत्रातच अडते आहे एवढे आम्हाला कळले. कोठे अडते ते कसे कळावे?

आम्ही सॉफ्टवेअरचा आराखडा मागितला.

येथे थोडे थांबून आराखडा म्हणजे काय ते सांगावयास हवे. घर बांधण्यापूर्वी नकाशा काढतात, तसा मोठे सॉफ्टवेअर लिहिण्यापूर्वी त्याचाही नकाशा काढावा असा प्रघात आहे. या नकाशात भिंती-खिडक्या नसतात. असतात त्या व्यवहारातील वस्तू आणि त्यांची नाती. ‘कामगार’ हा एक चौकोन, ‘खाते’ हा दुसरा, ‘हजेरी’ हा तिसरा. या चौकोनांना क्लास म्हणतात. प्रत्येक चौकोनाचे तीन कप्पे: वरच्यात नाव, मधल्यात त्या वस्तूसंबंधी काय काय टिपून ठेवावयाचे ते, आणि खालच्यात तिच्याकडून कोणकोणती कामे करून घ्यावयाची ते. चौकोनांना जोडणाऱ्या रेषा म्हणजे नाती. रेषेच्या टोकांना बारीक अक्षरांत अंक असतात, आणि माझ्या मते साऱ्या चित्राचा जीव त्या अंकांत असतो. अंक ज्या चौकोनाजवळ लिहिला असेल त्या चौकोनातील वस्तू किती असू शकतात, हे तो सांगतो.

उदाहरण घरातलेच घ्या. शिधापत्रिका एक, तीवर माणसे अनेक. परंतु एका माणसाचे नाव एकाच शिधापत्रिकेवर. तेव्हा ‘शिधापत्रिका’ आणि ‘माणूस’ या चौकोनांमधील रेषेला पत्रिकेच्या बाजूस 1 आणि माणसाच्या बाजूस तारा, म्हणजे ‘कितीही’. प्रॉव्हिडंट फंडाचे पाहा. नोकरी बदलली की नवे खाते उघडावयाचे, आणि जुन्या खात्याचा या माणसाशी काही संबंध आहे हे पद्धतीला ठाऊकच नसावयाचे. जन्मभरात चार कारखाने पाहिलेल्या माणसाला चार ठिकाणी हेलपाटे. 2014 साली बारा आकडी यू.ए.एन. आला आणि एका माणसाच्या एका क्रमांकाखाली त्याची अनेक खाती बांधता आली. चित्राच्या भाषेत म्हणावयाचे तर एक नवा चौकोन आणि एक रेषा घातली गेली, तिच्या एका टोकाला 1 आणि दुसऱ्या टोकाला तारा. एवढ्याशा रेषेने किती हेलपाटे वाचले हे ज्यांनी ते घातले आहेत त्यांना सांगावयास नको.

या चित्रांची एक ठरलेली लिपी आहे, तिला यू.एम.एल. म्हणतात. पूर्वी ज्याची त्याची लिपी निराळी होती. अमेरिकेतील ग्रेडी बूच हे क्लास दाखवावयास ढग काढीत. जेम्स रम्बो सरळ चौकोन काढीत. स्वीडनचे इव्हार याकोब्सन माणसाची काडीची आकृती काढून, तो माणूस या यंत्राकडून काय काम करून घेणार येथून सुरुवात करीत. 1994 आणि 1995 साली हे दोघे बूच यांच्याच रॅशनल या कंपनीत आले आणि तिघांनी मिळून एक लिपी केली. 1997 च्या नोव्हेंबरात ओ.एम.जी. या संघटनेने ती प्रमाण म्हणून स्वीकारली. ढग मागे पडले, चौकोन राहिले. काढावयास सोपे असेल तेच टिकते, असे आमच्या वर्कशॉपमध्येही दिसते.

आता आमच्या मागणीचे काय झाले ते ऐका. पहिल्यांदा आली ती एक फाइल. युनियनच्या कचेरीतील संगणकावर ती उघडेना. चौकशी केली तेव्हा कळले की ती उघडावयास एक विशिष्ट प्रोग्रॅम विकत घ्यावा लागतो आणि त्याचे भाडे दरवर्षी भरावे लागते. कारखान्यातील ड्रॉइंग निदान भिंतीला लावलेले तरी असते! आम्ही पुन्हा लिहिले की, साधे चित्र पाठवा. दुसऱ्यांदा चित्र आले. परंतु ते पडद्याचे काढलेले छायाचित्र होते. साठ-सत्तर चौकोन एका कागदावर मावविलेले. अंक वाचावयास मोठे करून पाहिले तर अंकांच्या जागी नुसती करडी चौकटी-चौकटींची नक्षी दिसू लागली.

असे का होते? संगणकात चित्र दोन तऱ्हांनी ठेवता येते. आपल्या घरच्या रांगोळीवरून सांगतो. अंगणातल्या रांगोळीचा कोणी फोटो घेतला, तर त्या फोटोत बारीक बारीक रंगीत ठिपक्यांची गर्दी असते. रेषा अशी वस्तू त्यात नसतेच, ती आपल्या डोळ्यांना भासते. फोटो मोठा केला की ठिपके मोठे होतात आणि भास विरतो. दुसरी तऱ्हा म्हणजे शेजारणीने तोंडी सांगावे तशी: सात ठिपके, सात ओळी, पहिल्या ओळीचा पहिला ठिपका तिसऱ्या ओळीच्या तिसऱ्याला जोडा, मध्ये कमळ काढा. हे सांगणे एकदा कळले की रांगोळी देव्हाऱ्यापुढे वीतभर काढा नाहीतर चौकभर काढा, रेषा तितकीच रेखीव. पहिल्या तऱ्हेला रास्टर आणि दुसरीला व्हेक्टर म्हणतात. आराखड्यासारख्या रेषा-अक्षरांच्या चित्राला दुसरीच तऱ्हा योग्य, हे उघड आहे.

ब्राउझरमध्ये, म्हणजे ज्यातून आपण इंटरनेट पाहतो त्या प्रोग्रॅममध्ये, उघडणाऱ्या व्हेक्टर चित्राला एस.व्ही.जी. म्हणतात. याचाही इतिहास भांडणाचाच आहे. 1998 साली एका बाजूला मायक्रोसॉफ्ट आणि तिचे सोबती, दुसऱ्या बाजूला अडोबी आणि तिचे सोबती, अशा दोन निरनिराळ्या पद्धती वेबची प्रमाणे ठरविणाऱ्या डब्ल्यू.थ्री.सी. या संस्थेपुढे आल्या. संस्थेने दोहोंपैकी एक न निवडता नवीच पद्धत घडविली आणि 4 सप्टेंबर 2001 रोजी ती प्रमाण म्हणून जाहीर केली. पण प्रमाण झाले म्हणजे प्रचार झाला असे नव्हे. बराच काळ हे चित्र पाहावयास ब्राउझरला वेगळे ठिगळ लावावे लागे. फायरफॉक्समध्ये ते 2005 च्या अखेरीस ठिगळावाचून दिसू लागले. मायक्रोसॉफ्टच्या एक्सप्लोररमध्ये मात्र 2011 उजाडावे लागले. आज साध्या मोबाइलवरही दिसते. कसले भाडे नाही, परवाना नाही.

या फाइलीत आत पाहिले तर साधा मजकूर असतो. ‘चौकोन: डावीकडून 40, वरून 60, रुंदी 120, उंची 50’, ‘रेषा: येथून तेथे’, ‘अक्षरे: या जागी, अमुक शब्द.’ शाळेतल्या भूमितीत ‘य’ अक्ष वर चढतो, येथे तो खाली उतरतो. आरंभबिंदू वरच्या डाव्या कोपऱ्यात, एवढे ध्यानात ठेवले की झाले. आणखी एक गंमत: जे नंतर लिहावे ते वर चढते, रंगाऱ्याच्या दुसऱ्या हातासारखे. म्हणून रेषा आधी काढावयाच्या आणि चौकोन मागाहून, म्हणजे चौकोनात घुसलेली रेषेची टोके आपोआप झाकली जातात.

तिसऱ्या पत्रात आम्ही शहाणपणाने मागणी केली. आमच्याच एका सभासदाची मुलगी संगणकाची पदवीधर आहे. तिने सांगितले की चित्र मागू नका, एक्स.एम.आय. मागा. एक्स.एम.आय. म्हणजे एका प्रोग्रॅममधील आराखडा दुसऱ्या प्रोग्रॅमला देता यावा म्हणून त्याच ओ.एम.जी. संघटनेने 1999 साली घालून दिलेली लेखी रीत. तीही साध्या मजकुराची. बहुतेक आराखड्यांच्या प्रोग्रॅमांना ती लिहून देता येते, तेव्हा ‘देता येत नाही’ असे उत्तर येण्याची सोय नव्हती. फाइल आली.

आणि येथे खरे काम सुरू झाले. त्या फाइलीत चित्र नव्हतेच! ज्यांनी जमिनीचे कागद हाताळले आहेत त्यांना हे लवकर उमजेल. खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेली असते: पूर्वेस अमक्याची जमीन, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट. शेजार सगळा कळतो, क्षेत्रफळही कळते. परंतु त्यावरून शेताचा आकार कागदावर काढून दाखवा म्हटले तर कोणालाही दाखविता यावयाचा नाही. त्याला मोजणीचा नकाशा पाहिजे. आमच्या फाइलीत तसेच होते. ‘कामगार’ नावाचा क्लास आहे, त्याचा ओळख-क्रमांक अमुक; ‘हजेरी’ नावाचा क्लास आहे, त्याचा तमुक; या दोन क्रमांकांमध्ये एक नाते आहे. कोणता चौकोन कागदावर कोठे, याबद्दल अक्षर नव्हते. चौकोनांच्या जागाही बरोबर पाठवाव्यात म्हणून पुढे त्या संघटनेने वेगळी रीत घालून दिली. पण ती सगळेच पाळतात असे नाही, आणि आमच्याकडे आलेल्या फाइलीत ती पाळलेली नव्हती.

तेव्हा चौकोन कोठे ठेवावयाचे हे आपणच ठरविणे आले. साठ-सत्तर चौकोन हाताने मांडून पाहा, रेषांची जाळी होऊन जाते. हा प्रश्न जुना आहे. 1981 साली जपानमध्ये सुगियामा आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी त्यावर एक रीत प्रसिद्ध केली, आणि आजचे कित्येक प्रोग्रॅम अजून त्याच वाटेने जातात. आधी चौकोनांचे मजले पाडावयाचे: बाण ज्याच्यापासून निघतो तो वरच्या मजल्यावर, ज्याकडे जातो तो खालच्या. कोठे बाण फिरून पुन्हा पहिल्या चौकोनाकडे येत असेल तर तेवढ्यापुरता एक बाण उलटा धरावयाचा. मग एकेका मजल्यावर डावे-उजवे ठरवावयाचे, असे की रेषा एकमेकींना कमीत कमी छेदतील. ऐकावयास सोपे, पण सर्वांत कमी छेद देणारी मांडणी शोधणे इतके जड आहे की चौकोन वाढले की जगातला मोठ्यात मोठा संगणकही थकेल. म्हणून उत्तमाचा हट्ट सोडून बऱ्यावर समाधान मानतात. प्रत्येक चौकोन, वरच्या मजल्यावर त्याचे जे नातलग असतील त्यांच्या सरासरी जागेखाली सरकवावयाचा. मग खालून वर तसेच. असे काही वेळा वरखाली केले की जाळी बरीच सुटते. लग्नाच्या पंगतीत ज्याचे त्याच्याशी जमते त्याला त्याच्या समोर बसविण्याची खटपट करणारा घरचा कर्ता माणूस नेमके हेच करीत असतो. बेल लॅबोरेटरीजमध्ये तयार झालेला ग्राफव्हिझ नावाचा प्रोग्रॅम हे काम फुकट करतो. मुलीने तोच वापरला.

मजले पडले, पण नवे विघ्न आले. चौकोनांत नावे इंग्रजी होती. आमच्या सभेत ती कोण वाचणार? म्हणून तिने यादी करून त्यांच्या जागी मराठी नावे घातली. आता चौकोन किती रुंद करावयाचा हे आतील अक्षरांवरून ठरते, आणि बरेच प्रोग्रॅम त्यासाठी अक्षरे मोजून सरासरी रुंदीने गुणतात. इंग्रजीला ते चालून जाते. आपल्याकडे ‘स्त्री’ हा शब्द डोळ्यांना एकच अक्षर, पण संगणकाच्या आतल्या मोजणीत तो सहा चिन्हांचा: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ईकार. सहा अक्षरांची जागा धरली की चौकोन ढगळ होतो. उंचीचे उलट, वेलांट्या आणि रफार वर जातात, उकार खाली उतरतात, आणि रोमन अक्षरांच्या मापाने आखलेल्या कप्प्यात त्यांची डोकी-पाय कापले जातात. ‘स्त्री कामगार’ या चौकोनाची रुंदी दोघांची आणि उंची अर्ध्याची, असे ते पहिले चित्र होते. उपाय एकच: प्रत्यक्ष ज्या टंकात अक्षरे दिसावयाची त्या टंकात ती मांडून पाहून मग मोजावयाची. काही लोक अक्षरांच्या रेषाच करून टाकतात, म्हणजे कोणत्याही यंत्रावर ती तशीच दिसतात. मला ते पसंत नाही. रेषा झालेला शब्द शोधता येत नाही, उचलून दुसरीकडे नेता येत नाही, आणि आंधळ्या माणसाला मजकूर वाचून दाखविणारा प्रोग्रॅम तेथे मुका होतो. अक्षर अक्षरच राहिले पाहिजे.

आणखी एकदा सारे चित्रच नाहीसे झाले. पडदा पांढरा आणि वर एक त्रुटीची ओळ. अर्धा दिवस शोध घेतल्यावर कारण सापडले ते एका चौकोनाच्या नावात: ‘फंड & ग्रॅच्युइटी’. त्या & चिन्हाला या लिपीत खास अर्थ आहे; ते तसेच उघडे लिहिले की ब्राउझर पुढचे वाचावयासच नकार देतो. त्याच्या जागी ठरलेला संकेत लिहावा लागतो. कोनी कंसाचेही तसेच. एका चिन्हापायी सत्तर चौकोन अडून बसलेले पाहून मला एका सहीपायी अडलेली ग्रॅच्युइटीची प्रकरणे आठवली. पण ते असो.

शेवटी चित्र उघडले. कचेरीच्या जुन्या संगणकावर, ब्राउझरमध्ये. मोठे केले तरी रेषा रेखीव. ‘हजेरी’पासून ‘खाते’पर्यंतची रेषा सापडली. आणि तिच्या खात्याकडच्या टोकाला काहीच लिहिलेले नव्हते. मुळात फाइलीतच तेथे काही नव्हते.

मी हिरमुसलो. मुलगी मात्र दोन दिवसांनी परत आली ती यू.एम.एल.च्या नियमांचे पुस्तक वाचून. त्यात असा नियम आहे की, टोकाला अंक सांगितलाच नसेल तर तो 1 समजावा. कमीत कमी एक आणि जास्तीत जास्तही एक. म्हणजे फाइलीतील मौनाचा अर्थ ‘ठाऊक नाही’ असा नव्हता, ‘कितीही’ असाही नव्हता. ‘एका दिवसाच्या हजेरीला एकच खाते’ असा होता. तिच्या प्रोग्रॅमने लिहिलेले तेवढे काढले आणि न लिहिलेले सोडून दिले, म्हणून चित्रात रिकामी जागा राहिली. शब्दशः पाहिले तर रूपांतरात एकही चूक नव्हती. पण चित्र वाचणाऱ्याला जे कळावयास हवे तेच त्यातून गळाले होते.

मला वाटते, या साऱ्या विषयाचे मर्म येथे आहे. मॉडेलचे चित्र करणे म्हणजे फाइलीतील अक्षरांचे आकार काढणे नव्हे. जे नियमाने गृहीत धरले आहे तेही उघडे करून दाखविणे त्यात येते. तिने प्रोग्रॅम बदलला. ज्या टोकाला अंक स्पष्ट सांगितला होता तेथे तो काळ्या शाईत, आणि जेथे मौनातून 1 आला होता तेथे फिकट करड्या रंगात. नवे चित्र उघडले तो जागोजागी करडे एकच एक! काही ठिकाणी ते योग्यच होते; एका कामगाराची जन्मतारीख एकच असावयाची. पण हजेरी आणि खाते यांच्यामधला करडा 1 पाहिल्याबरोबर टाइमकीपर खुर्चीवरून उठला. त्याला यू.एम.एल. ठाऊक नव्हते; रोज रात्री एक माणूस दोन खात्यांत काम करताना तो पाहत होता, एवढेच.

तरीही मी त्याला म्हटले, घाई नको. आराखडा म्हणजे घर नव्हे. नकाशात तीन खिडक्या आणि बांधताना दोन, असे इमारतीत होते तसे सॉफ्टवेअरमध्येही होते. लिहिणारा वाटेत मनाने फरक करतो आणि चित्र तसेच जुने राहते. तेव्हा चित्राने आम्हाला पुरावा दिला नाही, नेमका प्रश्न दिला. बैठकीत आम्ही तो विचारला: दिवसाच्या एका हजेरीत दुसऱ्या खात्याची नोंद ठेवावयास जागा आहे काय? सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस भला होता. त्याने तेथेच लॅपटॉप उघडला, नोंदींची कोष्टके पाहिली आणि सांगितले की, जागा एकच आहे. दुसरी नोंद आली की ती गुपचूप टाकली जाते. एकच का ठेवली, असे मी विचारले. त्याचे उत्तर मी अजून विसरलो नाही. तो म्हणाला, “आम्ही काही ठरवलं नव्हतं. तिथं काही लिहायचं राहून गेलं.”

रेषेच्या त्या टोकाला ‘एक किंवा अधिक’ असे लिहिले गेले, कोष्टक बदलले, आणि कागदी मस्टरवरून मागील तास काढून त्याचे पैसे दुप्पट दराने तिसऱ्या महिन्यात मिळाले. मेमो मागे घेतला गेला. मागे घेण्याचे पत्र मात्र दोन ओळींचे होते.

त्यानंतर अशी चित्रे करून घेण्याचा आम्हाला नादच लागला म्हणाना. अनुभवावरून दोन-तीन गोष्टी सांगतो. पहिली अशी की, मॉडेलवरून चित्र होते, चित्रावरून मॉडेल होत नाही. यू.एम.एल.मध्ये भरीव काळा पतंगाचा आकार ‘हा भाग त्या वस्तूशिवाय जगत नाही’ असे सांगतो आणि पोकळ त्रिकोणी बाण ‘हा त्याचाच एक प्रकार आहे’ असे सांगतो. एस.व्ही.जी.त उतरल्यावर पतंग म्हणजे चार बिंदू आणि त्रिकोण म्हणजे तीन. अर्थ राहतो तो पाहणाऱ्याच्या डोक्यात. म्हणून चतुर रूपांतर करणारा प्रत्येक आकृतीबरोबर मूळ मॉडेलमधील तिचा ओळख-क्रमांक आणि एका वाक्याचे वर्णनही फाइलीत ठेवतो. एस.व्ही.जी.त त्यासाठी सोय केलेली आहे. उंदराचा बाण चौकोनावर नेला की वर्णन दिसते, आणि चौकोन दाबला की त्याच्या तपशिलाचे पान उघडेल असेही करता येते. हे फोटोला कोठून जमणार?

दुसरी गोष्ट तारखेची. चित्र काढले त्या दिवशीचे असते, मॉडेल पुढे जात राहते. आमच्या कचेरीत भिंतीवर एक चित्र वर्षभर होते आणि आम्ही त्यावरून तावातावाने वाद घालीत होतो. तेवढ्या काळात मॉडेल चार वेळा बदलले होते. आता चित्राच्या कोपऱ्यात तारीख आणि आवृत्ती छापल्याशिवाय आम्ही ते घेत नाही. हल्लीच्या तरुण मंडळींनी यावर चांगली तोड काढली आहे. 2009 पासून प्लांटयूएमएल आणि 2014 पासून मर्मेड नावाचे प्रोग्रॅम आहेत. त्यांत आराखडा चार साध्या ओळींत लिहावयाचा, ‘कामगार, एक, हजेरी, अनेक’ अशा धर्तीवर, आणि चित्र तेथल्या तेथे तयार होते. ओळी बदलल्या की चित्र बदलते. ज्यांना माउसने चौकोन ओढीत बसण्याची सवय आहे त्यांना हे रुक्ष वाटते. मला आवडते, कारण त्या ओळी पत्रातही लिहिता येतात, आणि काल काय होते व आज काय झाले हे ओळीला ओळ लावून पाहता येते.

आणि सावधगिरीची एक गोष्ट. एस.व्ही.जी. फाइल म्हणजे नुसते चित्र नव्हे. तिच्यात चालते प्रोग्रॅमही दडविता येतात. अनोळखी माणसाकडून आलेली फाइल फोटो समजून उघडू नये. ब्राउझर काही बंधने पाळतात, तरी पण सांगून ठेवतो.

गेल्या वर्षी त्याच कारखान्यात पगाराची पद्धत पुन्हा नवी झाली. या वेळी मागणी न करता आराखड्याची फाइल आमच्याकडे आली, एस.व्ही.जी.च होती, कोपऱ्यात तारीखही होती. कचेरीत दहा-बारा जण जमून आम्ही ती भिंतीवर मोठी करून पाहिली. टाइमकीपर आता निवृत्त झाले आहेत, पण तेही आले होते. करडे अंक कोठेच नव्हते. प्रत्येक टोकाला काळ्या शाईत काही ना काही लिहिलेले होते. फक्त ‘बदली कामगार’ या चौकोनापासून ‘रजा’ या चौकोनापर्यंत रेषा आम्हाला सापडली नाही. ती कोठे आहे असे विचारणारे पत्र आम्ही दिले आहे. उत्तराची वाट पाहत आहोत.